पाइप तोच, निपल चुकीचं

कार्बोरेटर ओव्हरहॉल करून आणलेली गाडी सिग्नलला उभी राहिली की धडधडते, निघताना एक गचका खाते आणि मग काही झालंच नाही अशी पळते. मालकाला वाटतं कार्बोरेटर नीट बसलेला नाही. मेकॅनिकला वाटतं प्लग गेले असतील, कॉइल वीक असेल. मग प्लग बदलतात, एचटी वायरी बदलतात, पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून टाकी उपसतात. गचका आहे तिथेच असतो. आणि करंगळीपेक्षाही बारीक असा एक काळा रबरी पाइप आपलं निपल सोडून शेजारच्या निपलवर आरामात बसलेला असतो.

रबर म्हातारं होतं, कडक होतं, टोकाला चिरतं, निपलवरून निसटतं. ही सगळी काळाची कामं. पण एका निपलवरून उठून दुसऱ्या निपलवर कुठलाच पाइप आपण होऊन जात नाही. तिथे माणसाचा हात लागतो. म्हणून गाडी अडखळायला लागली की मीटर, स्प्रे आणि पाने बाहेर काढण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा: हे सुरू होण्याआधी बॉनेटखाली शेवटचं काम कोणतं झालं? एअर फिल्टर बदलला, हेड उतरवलं, कार्बोरेटर काढला, सीएनजी किट बसवलं, एसीचं काम केलं, यांपैकी काही असेल आणि त्रास त्यानंतरच सुरू झाला असेल, तर संशय आधी पाइपांवर घ्यायचा. उलट, कोणी हातच लावलेला नाही आणि त्रास हळूहळू वाढत गेला, तर पाइप फुटलेला असेल, पॅकिंग गेलं असेल किंवा इग्निशनमध्ये बिघाड असेल. पण जोडणी चुकलेली असण्याची शक्यता जवळजवळ नाही. गॅरेजचं शेवटचं बिल हे या कामातलं पहिलं हत्यार आहे, आणि ते बहुतेकांनी फेकून दिलेलं असतं.

हा लेख मुख्यतः कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे: पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जिप्सी, ओम्नी आणि अर्थात मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी २०००च्या सुमारास एमपीएफआयवर, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवर, गेली, आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. कार्बोरेटरवाल्या ८०० अजून गावोगाव फिरताहेत आणि हौशी लोक त्या जपताहेत. एमपीएफआयवाल्यांनीही पुढे वाचावं, त्यांचं नंतर येतंच आहे.

इंजिन चालू असताना पिस्टन खाली जातो तेव्हा हवा ओढतो. थ्रॉटलचा बटरफ्लाय जवळजवळ बंद असेल तर ती हवा पुरेशी आत येत नाही आणि मॅनिफोल्डमध्ये दाब कमी होतो. हाच व्हॅक्यूम. धडधाकट इंजिन आयडलला असताना समुद्रसपाटीवर साधारण १७ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम दाखवतं. उंचीवर गेलं की दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच कमी. म्हणजे मुंबईत १९ दाखवणारी गाडी पुण्यात १७च्या आसपास येईल आणि महाबळेश्वरला १५ इंचांच्याही खाली उतरेल. यात गाडीचा दोष नाही. पुस्तकातला आकडा पाहून घाटावरची गाडी 'कमी ओढते' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या व्हॅक्यूमवर गाडी बरीच फुकटची कामं करून घेते. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे डेल्कोचं, टायमिंग पुढे-मागे करणं, ब्रेकच्या बूस्टरला जोर देणं, इंजिनातल्या वाफा परत जाळायला ओढणं, पेट्रोलच्या टाकीतल्या वाफा कॅनिस्टरमधून आत घेणं, एसी लावल्यावर आयडल किंचित वाढवणं. यातल्या प्रत्येक कामाला एक पाइप आणि प्रत्येक पाइपाला ठरलेलं एक निपल. गोंधळ होतो तो निपलं दोन जातींची असल्यामुळे. दिसायला मात्र ती सारखी असतात.

एका जातीचं निपल थ्रॉटलच्या खाली, थेट मॅनिफोल्डमध्ये उघडतं. तिथे आयडलला सगळ्यात जास्त ओढ असते आणि पाय दाबला की ती एकदम कमी होते. दुसऱ्या जातीचं निपल बटरफ्लायच्या कडेच्या किंचित वर असतं. थ्रॉटल बंद असताना ते कडेच्या वरच्या बाजूला राहतं, म्हणून आयडलला तिथे ओढ नसते. बटरफ्लाय थोडा उघडला की त्याची कड निपलाच्या वर सरकते आणि ओढ सुरू होते. पहिल्याला मॅनिफोल्ड व्हॅक्यूम म्हणतात, दुसऱ्याला पोर्टेड. बहुतेक चुका या दोघांच्या अदलाबदलीत होतात.

ओळखायला काही लागत नाही. इंजिन गरम करून आयडलला ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, जागा मोकळी. गाडी शेडमध्ये उभी करून हे करू नका; एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यातलं काही पट्ट्याजवळ नको, आणि इलेक्ट्रिक फॅन कधीही सुरू होऊ शकतो हे लक्षात असू द्या. आता निपलवरचा पाइप काढा आणि बोटाचं टोक निपलच्या तोंडावर ठेवा. बोट चिकटून ओढलं गेलं तर ते मॅनिफोल्डचं. काहीच जाणवलं नाही तर दुसऱ्या हाताने किंवा कोणाकडून तरी थोडी रेस वाढवून घ्या. आता हलकी ओढ आली तर ते पोर्टेड. रेस वाढवूनही काही नाही, तर निपल आतून कचऱ्याने बंद आहे किंवा ते व्हॅक्यूमचं निपल नाहीच. सगळी निपलं अशी तपासून कागदावर खुणा केल्यात तर अर्धं काम झालं.

डेल्कोवर बसलेल्या चपट्या डबीत डायफ्रॅम असतो. तो ओढला गेला की टायमिंग पुढे जातं. आपल्याकडच्या बहुतेक कार्बोरेटर गाड्यांत ही डबी पोर्टेड निपलला जोडतात, म्हणजे आयडलला अ‍ॅडव्हान्स नाही आणि रस्त्यावर अर्ध्या पायाने चालवताना अ‍ॅडव्हान्स मिळतो. आता हा पाइप मॅनिफोल्डच्या निपलवर लागला असं समजा. आयडललाच टायमिंग पुढे जातं, इंजिनची रेस आपोआप वाढते. मालक तक्रार करतो की रेस जास्त आहे. मेकॅनिक आयडलिंगचा स्क्रू सोडतो, बटरफ्लाय गरजेपेक्षा जास्त बंद होतो. बटरफ्लायच्या कडेजवळ बारीक छिद्रं असतात. थ्रॉटल थोडा उघडताना त्यांतून पेट्रोल यायला हवं, पण आता कड त्यांच्यापासून लांब बसली. वर पाय दाबताक्षणी मॅनिफोल्डची ओढ कोसळते आणि नेमका अ‍ॅडव्हान्स हवा असतो तेव्हाच डबी टायमिंग मागे घेते. परिणाम, निघताना गचका. मग कोणीतरी डेल्को फिरवून टायमिंग पुन्हा बसवतो, तेही पाइप चुकीच्या निपलवर असतानाच. आता टायमिंगही मागे गेलं. गचका थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, मायलेज पडतं, इंजिन गरम व्हायला लागतं आणि मूळ चूक तीन थरांखाली गाडली जाते.

म्हणून पाइप तपासून होईपर्यंत मिक्स्चरचा, आयडलचा आणि डेल्कोचा कुठलाही स्क्रू हलवू नये, हा माझा सगळ्यात ठाम सल्ला. ज्या गॅरेजात बॉनेट उघडल्या उघडल्या स्क्रू ड्रायव्हर हातात येतो तिथून गाडी परत घेऊन जायला संकोच करू नका. अर्थात काही गाड्यांत कारखान्यातूनच अ‍ॅडव्हान्सला मॅनिफोल्ड व्हॅक्यूम दिलेला असतो, तर काहींत डबीला दोन तोंडं असतात, एक पुढे नेणारं आणि एक मागे आणणारं. शेवटचा शब्द सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकृतीचा. बॉनेटच्या आत किंवा रेडिएटरच्या वर आकृतीचं स्टिकर असेल तर त्याचा फोटो आजच काढून ठेवा, कारण पुढच्या पेंटिंगमध्ये ते जाणार आहे.

डबी स्वतः धड आहे का, हेही पाहून घ्यावं. स्वच्छ पाइप लावून तोंडाने हवा ओढा आणि जिभेने पाइपाचं तोंड बंद धरा. डेल्कोचं झाकण काढलेलं असेल तर आतली प्लेट सरकताना दिसते. ती सरकून तशीच थांबली तर डायफ्रॅम शाबूत. हळूहळू परत आली तर फाटलेला. असा फाटका डायफ्रॅम नुसता निकामी नसतो, तो हवाही आत सोडतो.

गचका कधी बसतो?

'गाडी मिस मारते' एवढ्यावर कुठलंही निदान होत नाही. कधी मारते हे नीट पाहिलं तर गाडी स्वतःच सांगते. यासाठी मालकानेच एक-दोन दिवस लक्ष देऊन गाडी चालवावी. मेकॅनिकच्या पाच मिनिटांच्या राउंडमध्ये हे कळत नाही.

फक्त आयडलला धडधड आहे आणि रेस वाढवली की इंजिन साफ होतं, तर कुठूनतरी जादा हवा आत जाते आहे. आयडलला इंजिन हवा थोडीच घेत असतं, त्यामुळे चोरून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो आणि मिश्रण लीन होतं. रेस वाढली की तेवढी हवा नगण्य होते. हवा फुटक्या पाइपातून येते, कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून येते किंवा थ्रॉटलच्या झिजलेल्या शाफ्टमधून येते. मारुती ८०० आणि ओम्नीच्या मालकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ७९६ सीसीचं ते इंजिन तीन सिलिंडरचं आहे, ते आयडलला जात्याच थोडं थरथरतं. चार सिलिंडरसारखं शांत करायच्या नादात चांगलं ट्यूनिंग बिघडवणारे कमी नाहीत.

आयडलला धडधड आणि बंदच पडणं, आणि गाडीत ईजीआर वाल्व असेल, तर त्याचा पाइप पाहा. ईजीआर जळलेला वायू थोड्या प्रमाणात परत इंजिनात सोडतो, पण तो चालत्या गाडीत सोडायचा असतो. त्याचा पाइप चुकून मॅनिफोल्ड व्हॅक्यूमवर लागला तर वाल्व आयडललाच उघडतो आणि इंजिन धुराने गुदमरतं. पाइप काढून त्याचं तोंड बंद केल्यावर इंजिन लगेच सुधारलं, तर चोर सापडला.

ब्रेक दाबताना अडखळते? तो बूस्टरचा जाड पाइप किंवा खुद्द बूस्टरचा डायफ्रॅम. या पाइपावर एकेरी वाल्व असतो, हवा फक्त इंजिनकडे जावी म्हणून. तो उलटा बसवला की ब्रेक दगडासारखे कडक होतात. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून आतली ओढ संपवा, पाय पेडलवर दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी रस्त्यावर काढू नका. बाकीच्या पाइपांच्या चुकीने गाडी अडखळते, या पाइपाच्या चुकीने गाडी थांबतच नाही.

उन्हात उभी करून ठेवल्यावर, टाकी फुल असताना, आयडलला पेट्रोलचा वास आणि घुसमट असेल तर कॅनिस्टर. त्यातल्या वाफा चालत्या गाडीत ओढायच्या असतात. तो पाइप थेट मॅनिफोल्डला लागला की आयडललाच वाफा शिरतात आणि मिश्रण रिच होतं. टाकीकडून येणारा पाइपच चुकून मॅनिफोल्डला जोडला असेल तर पेट्रोलचं झाकण उघडताना टाकी 'फुस्स' करून हवा आत ओढते.

एसी चालू केला की इंजिन मरगळतं, हे आयडल-अपचं. एसीच्या स्विचवर चालणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक वाल्वला दोन पाइप असतात, एक व्हॅक्यूम आणणारा आणि एक डायफ्रॅमकडे नेणारा. एसीच्या कामात ते उलटसुलट झाले की एसी बंद असताना रेस वाढते आणि चालू केल्यावर गाडी गपकन बसते.

इंजिनच्या टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पाइपात इंजिनातल्या वाफांसाठीचा पीसीव्ही वाल्व असतो. तो काढून हलवला तर खुळखुळला पाहिजे. 'वाल्व मिळत नाही' म्हणून त्याच्या जागी सरळ पाइप लावून देणारे महाभाग आहेत. तेव्हा जादा हवा तर येतेच, ऑइलही ओढलं जातं आणि मागून निळसर धूर दिसतो.

आणि ताशी पन्नास-साठच्या एकसारख्या वेगाला, हलक्या पायाने चालवताना गचके बसतात, पण जोरात पाय दाबला की जातात? इथे मोठी फसगत होते. अ‍ॅडव्हान्सचा पाइप काढून ठेवला की गचके थांबतात, म्हणून सगळे म्हणतात, पाइपच चुकीचा होता, नाहीतर डबी खराब. पाइप तसाच बंद करून गाडी देतात. खरं कारण डेल्कोच्या आत असतं. पॉइंटला किंवा पिकअपला जाणारी मऊ वायर प्लेटबरोबर सतत हलून इन्सुलेशनच्या आत तुटत आलेली असते. डबी प्लेट ओढते तेव्हा वायरीच्या तारा एकमेकींपासून सुटतात आणि ठिणगी जाते. जोरात पाय दाबला की ओढ जाते, प्लेट मागे येते, तारा पुन्हा टेकतात. मल्टिमीटरचं एक टोक वायरीच्या एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला लावा आणि तोंडाने पाइप ओढून प्लेट हलवा. प्लेट सरकताना मीटर उड्या मारायला लागला तर निदान झालं. मीटरची टोकं घट्ट लावा, नाहीतर त्यांच्याच हलण्याने फसाल. बाहेरून ही वायर बिनचूक दिसते, बोटाने हळूच वाकवली तर एका जागी ती दोऱ्यासारखी लुळी लागते. पाइपाला दोष देण्याआधी या वायरीकडे पाहायची सवय लावली तर कितीतरी डब्या विनाकारण भंगारात जाणार नाहीत.

थांबलेल्या गाडीत पाय दाबताक्षणी एकच गचका, एरवी सगळं ठीक, असं असेल तर एअर फिल्टर काढून इंजिन बंद असतानाच कार्बोरेटरच्या घशात पाहा. थ्रॉटल हाताने ओढल्यावर पेट्रोलची स्वच्छ धार उडाली पाहिजे. धार नाही किंवा नुसते थेंब, तर अ‍ॅक्सिलरेटर पंप गेलाय, पाइपांना उगाच त्रास देऊ नका. आणि पावसाळ्यात फक्त सकाळी अडखळत असेल तर आधी डेल्कोचं झाकण आणि एचटी वायरी कोरड्या करून पाहा.

हवा कुठून येतेय?

जोडण्या बरोबर आहेत पण गाडी 'एअर घेते' अशी शंका असेल, तर सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे हातभर लांबीचा कुठलाही रबरी पाइप. एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं टोक चालू इंजिनवर जोडांजवळून फिरवा. गळतीच्या जागी सुसकाऱ्यासारखा आवाज एकदम मोठा होतो, उघड्या कानाला इंजिनच्या गोंगाटात तो कधीच ऐकू आला नसता. पट्ट्यापासून मात्र लांब राहा.

कार्बोरेटर क्लीनर मारून पाहणं ही गॅरेजांची आवडती रीत. जिथे मारल्यावर रेस बदलली तिथे गळती. पण ते पेट घेणारं रसायन आहे, शेजारी तापलेलं एक्झॉस्ट आणि एखादी एचटी वायर ठिणगी सोडत असते. मला ही रीत घरी करण्यालायक वाटत नाही. साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या. बारीक फवारा गळतीवर पडला की क्षणभर इंजिनचा आवाज बदलतो. डेल्को आणि वायरींवर तो उडू देऊ नका, नाहीतर नवाच गचका तयार कराल. उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते पाहायची युक्ती कोणी सांगितली तर कार्बोरेटरच्या गाडीवर ती अजिबात करू नका. गळती शोधायला धूरच हवा असेल तर चांगल्या गॅरेजमध्ये धूर सोडायचं यंत्र असतं, तिथे इंजिन बंद ठेवून काम होतं.

पाइप चिमटून पाहणंही उपयोगी आहे. पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळा आणि एकेक बारीक पाइप हलकेच दाबा. दाबल्यावर इंजिन सुधारलं तर त्या पाइपाच्या पुढे गळती किंवा चूक आहे. कडक झालेले जुने पाइप दाबल्यावर तुटतात, तेव्हा ते दाबण्याऐवजी काढून निपल बोटाने बंद करणं बरं. आणि एअर फिल्टरच्या डब्याखाली नक्की पाहा. फिल्टर घाईत बसवताना डब्याखाली दबून चपटा झालेला पाइप, आणि उंदराने कुरतडलेला पाइप, हे दोघे गचक्याच्या मागे अनेकदा निघतात. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखालच्या उबेला येतात, हे मुंबई-पुण्यात वेगळं सांगायला नको.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर फारच छान. मॅनिफोल्डच्या निपलला लावा. काटा खाली पण स्थिर, तर हवेची गळती किंवा मागे गेलेलं टायमिंग. काटा ठरावीक लयीत खाली आपटत असेल तर एखादा वाल्व जळालाय, मग पाइप शोधण्यात वेळ घालवू नका. रेस एकदम वाढवून सोडली की काटा आधी शून्याजवळ पडतो, मग नेहमीपेक्षा वर उडी मारून जागेवर येतो. तशी उडी नसेल तर रिंगांची झीज तपासायला हवी.

आपल्या खिशात असलेलं आणि कोणी न वाचणारं एक निदानपत्रक म्हणजे पीयूसी. पेट्रोल गाडीच्या पावतीवर आयडलचा सीओ टक्क्यांत आणि एचसी पीपीएममध्ये छापलेला असतो. सीओ अगदी कमी पण एचसी चढलेला, म्हणजे मिश्रण लीन होऊन काही ठोके पेटतच नाहीत. हवेची गळती शोधा. सीओ भरपूर, म्हणजे मिश्रण रिच. कॅनिस्टर, चोक किंवा फ्लोटकडे बघा. मागच्या वर्षीची पावती जवळ असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. नुसतं 'पास' वाचून पावती डॅशबोर्डमध्ये टाकणं म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट न उघडता फाइल करणं.

यात एक नवी भर पडली आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण थोडं आणखी लीन होतं. एरवी खपून गेलेली बारीक गळती आता गचक्याच्या रूपाने बाहेर येते. काही जुन्या रबराला इथेनॉल मानवतही नाही. म्हणून 'पेट्रोल बदललं म्हणून गाडी अडखळते' असं म्हणून सोडून देण्याआधी पाइप पाहावेत.

एमपीएफआय, सीएनजी आणि डिझेल

एमपीएफआय गाडीत पाइप कमी असतात पण चूक झाली तर इंजिनचा संगणक तिला साथ देतो. काही गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर पातळ पाइपाने मॅनिफोल्डला जोडलेला असतो. तो पाइप सुटला किंवा चुकीच्या जागी लागला की सेन्सरला आयडललाही बाहेरच्या हवेचा दाब दिसतो. संगणकाला वाटतं गाडी पूर्ण जोरात चढ चढतेय, तो पेट्रोल ओततो, काळा धूर निघतो आणि गाडी घुटमळते. स्कॅनर लावून पाहा. इंजिन बंद, चावी चालू असताना मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५च्या आसपास दिसेल. इंजिन आयडलला आलं की हा आकडा ३० ते ४०च्या घरात उतरला पाहिजे. उतरला नाही तर पाइप, नाहीतर सेन्सर. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम आयडलला मोठी अधिक, आणि २५०० आरपीएमला नॉर्मल, अशी दिसली की तिथेही हवेची गळती समजा. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्यूम पाइप असेल तर तो काढून हुंगा. पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर रेग्युलेटरचा डायफ्रॅम फाटलाय.

सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. सिक्वेन्शियल किटच्या रिड्यूसरला आणि किटच्या स्वतःच्या सेन्सरला मॅनिफोल्डचा दाब हवा असतो. बसवणाऱ्याने घाईत जवळच्या पाइपात टी मारून घेतला आणि तो पाइप थ्रॉटलच्या आधीचा निघाला, तर किट चुकीचा दाब वाचून गॅस सोडतं. पेट्रोलवर साफ आणि गॅसवर गचके, तर किटची बाजू पाहा. दोन्हींवर गचके, तर प्लग, कॉइल आणि हवेची गळती. त्यात तो टी स्वतःच गळत नाही ना हेही पाहा. ब्रेक बूस्टरच्या पाइपात टी मारलेला दिसला तर तो लगेच बदलून घ्या.

डिझेलमध्ये थ्रॉटलच्या ओढीवर अवलंबून राहता येत नाही, म्हणून व्हॅक्यूमचा स्वतंत्र पंप असतो. तिथे टर्बो किंवा ईजीआरच्या पाइपांची अदलाबदल झाली की गाडी सहसा अडखळत नाही, पण पिकअप मरतो आणि काळा धूर निघतो.

चूक सापडली की लगेच सगळे पाइप उपटून नवे लावायला धावू नका. एका वेळी एकच पाइप काढा, त्याच लांबीचा आणि त्याच आतल्या व्यासाचा नवा लावा, मग पुढचा. लांबी जास्त झाली तर तो वाकून चिमटतो, कमी झाली तर इंजिनच्या हादऱ्याने निसटतो. मत्स्यालयाचा पारदर्शक प्लास्टिक पाइप, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सलाइनची नळी, हे सगळं बॉनेटखाली सापडतं आणि ते सगळं उष्णतेत मऊ पडून ओढीने चपटं होतं. व्हॅक्यूमसाठी बनवलेला रबरी किंवा सिलिकॉनचा पाइप घ्या. पण वाफांचा पाइप मात्र पेट्रोल सोसणाऱ्याच रबराचा हवा, तिथे सिलिकॉन चालत नाही. पाइपात बसवलेल्या छोट्या डिले वाल्वच्या दोन बाजू वेगळ्या रंगांच्या असतात. तो काढण्याआधी कोणता रंग कुठल्या तोंडाकडे आहे याचा फोटो काढा. बंद ठेवलेल्या निपलवर रबरी टोपी आणि क्लिप लावा, खिळा किंवा एम-सील नको.

आता स्क्रूंची पाळी. आधीच्या माणसाने चुकीच्या पाइपाला जुळवून फिरवलेलं सगळं परत आणायचं आहे, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. आधी पॉइंटची गॅप, मग टायमिंग, मग आयडल, सगळ्यात शेवटी मिक्स्चर. टायमिंग बसवताना पाइप जोडून ठेवायचा की काढून तोंड बंद करायचं, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते पाळलं नाही तर पुन्हा तिथेच येऊन थांबाल. टायमिंग लाइट असेल तर शेवटची खातरजमा करून घ्या. आयडलला पोर्टेड पाइप काढला तर खूण हलायला नको. लाइट चालू ठेवून रेस वाढवली आणि पाइप जोडला-काढला, तर ती हललीच पाहिजे. तेवढं दिसलं की बॉनेट लावा, आणि पीयूसी करून नवी पावती जुनीशेजारी ठेवा.